पोळ्याला कुलूप लागणारं कपाट

प्रिय ईशान, प्रिय ऋता,

गेल्या रविवारी फोनवर ईशान म्हणाला की कंपनीने त्याला नव्या कल्पनांचा विभाग सांभाळायला दिला आहे, आणि तीन महिने झाले तरी नेमकं काय सांभाळायचं ते त्याला कळलेलं नाही. त्यावर ऋता म्हणाली, "आजीला विचार. तिनं सगळा जन्म कपाटं सांभाळली आहेत." तुम्ही दोघं हसलात, मीही हसले. फोन ठेवून गॅलरीत आले. पोळा होऊन दोन आठवडे झाले आहेत. कॉलनीच्या मागच्या शेतात सोयाबीन पिवळं पडायला लागलं आहे. खालची पानं गळून शेंगा उघड्या झाल्या आहेत. हे दिवस आले की मला एक कपाट आठवतंच. या वर्षी तुमच्या प्रश्नामुळे ते लिहून ठेवावंसं वाटलं.

भाद्रपदातलं लातूरचं ऊन तुम्ही कधी नीट पाहिलेलं नाही, कारण तुमच्या सुट्ट्या मेमध्ये असायच्या. या दिवसांतलं ऊन दमट असतं. दुपारी दोनच्या सुमाराला, मी काम करायची त्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर तडतडायचं. अंगणात मळणीयंत्रांची रांग उभी असायची, तांबड्या रंगाचा पहिला हात दिलेली, अजून हिरवा न चढलेली. तो तांबडा रंग, वेल्डिंगचा जळका वास आणि माझ्या खोलीत ड्रॉइंगच्या प्रती काढायच्या यंत्रातून येणारा अमोनिया, या तिन्हींचं मिश्रण म्हणजे माझ्यासाठी सुगी. शेतातली सुगी मी, हे सगळं घडलं त्या वर्षापर्यंत, पाहिलीच नव्हती. ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची आहे.

माझं माहेर नांदेडचं. शिक्षण हैदराबादला, इंग्रजीतून. लग्न होऊन लातूरला आले. तुमचे आजोबा कॉलेजात शिकवत, आणि त्यांचे मित्र अण्णा औद्योगिक वसाहतीत मळणीयंत्रं बनवत. बेअरिंग आणि पोलाद पुरवणाऱ्यांना इंग्रजी पत्रं लिहायला त्यांना कोणीतरी हवं होतं. मुलं मोठी झाल्यावर मी गेले ती पत्रं लिहायला. सहा महिन्यांत फायलींना क्रमांक दिले, वर्षभरात ड्रॉइंगच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. अण्णा म्हणाले, "वहिनी, इथं सगळ्यांना यंत्र कळतं. वस्तू जागेवर ठेवणं फक्त तुम्हाला कळतं." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या कपाटाची एक रीत होती. पोळ्याच्या दिवशी सगळी ड्रॉइंगं आत जायची, कपाटाला हळद-कुंकू लागायचं, आणि मी कुलूप फिरवायची. मग दसऱ्याला यंत्रांची पूजा होऊन नारळ फुटेपर्यंत कपाट उघडायचं नाही. मधल्या दिवसांत यंत्रात काडीचाही बदल करायचा नाही. जी ड्रॉइंगं कारागिरांच्या हातात आहेत, त्यांच्याबरहुकूम यंत्रं बनवायची आणि पाठवायची.

हसू नका. ही रीत अंधश्रद्धेतून आलेली नव्हती. माझ्या आधी एका वर्षी अण्णांना ऐन सुगीत तीनदा नवी कल्पना सुचली होती. तीनदा ड्रम बदलला, तीन मापांचे बोल्ट झाले. इस्लापूरकडच्या एका शेतकऱ्याचं यंत्र बंद पडलं, तेव्हा गाडीत भरून नेलेल्या सुट्या भागांपैकी एकही त्याला बसेना. त्याचं कापलेलं पीक चार दिवस खळ्यावर पडून राहिलं आणि पाचव्या दिवशी पाऊस आला. अण्णा स्वतः तिथे उभे होते. परत आल्यावर त्यांनी कपाट विकत आणलं. ईशान, तुझ्या कंपनीत याला काहीतरी सुटसुटीत इंग्रजी नाव असेल. आमच्याकडे नुसतं "पोळा झाला" म्हटलं की पुरायचं.

आमचे मुख्य मिस्त्री होते मोईनभाई. मूळचे नांदेडचे. त्यांचे वडील आणि आजोबाही लोखंडातलेच. बोलायचे कमी, पण कान यंत्राला लावला की सांगायचे, कुठलं बेअरिंग रडतंय ते. दुरुस्तीला परत आलेल्या यंत्राबरोबर ते मला एक चिठ्ठी द्यायचे, काय मोडलं आणि काय बदललं. मी ती गॅरंटी कार्डाला टाचायची. कोणी यंत्राला स्वतःच्या मनाने काही जोडलं असेल, तर कार्डावर शिक्का बसायचा आणि मालकाला पत्र जायचं, की केलेला फेरफार काढून टाकावा, तरच गॅरंटी चालू राहील. टाइपरायटर इंग्रजी होता, म्हणून मराठी पत्रं मी हाताने लिहीत असे. त्या कार्डांची फाईल म्हणजे 'फेरफार'.

तिच्या शेजारी एक बारीक फाईल होती. तिला नाव नव्हतं. सगळे तिला बोटांची फाईल म्हणत, म्हणजे शक्यतो म्हणतच नसत. यंत्राच्या तोंडात पेंढी सरकवताना कोणाचा हात आत गेला, तर गावाकडून येणारी पत्रं तिच्यात लागत. अण्णा ती पत्रं वाचून दिवसभर कोणाशी बोलत नसत. पण तोंडाला काय करावं, हे कोणाला सुचत नव्हतं. तोंड लहान केलं तर काम मंदावतं, आणि ज्याचं यंत्र मंद त्याचं यंत्र कोणी घेत नाही.

त्या वर्षी पोळ्यानंतर तीन दिवसांनी मी एक अगदी रिकामटेकडा उद्योग केला. दोन्ही फायली तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या, त्या गावाप्रमाणे लावाव्यात असं मला वाटलं. कारण काहीच नव्हतं. मला गोष्टी नव्याने रचायला आवडतात, एवढंच. लावता लावता दिसलं की 'फेरफार'मधली कंधार तालुक्यातली सगळी कार्डं एका जागी आली, आणि प्रत्येकावर मोईनभाईंच्या अक्षरात एकच नोंद: तोंडाला पत्रा जोडला. मग बोटांच्या फायलीत कंधार शोधलं. एकच पत्र निघालं. बाकी सगळ्या तालुक्यांची होती.

मी मोईनभाईंना बोलावलं. "हा पत्रा कसला?"

"पिपाचा, बाई. कापून तोंडावर लावतेत. वरून झाकायचा."

"कशासाठी?"

"ते मी काहून विचारू? मला सांगितलंय, दिसला की लिहायचं. मी लिहितो."

मग स्वतःच म्हणाले, "तुमीबी विचारलं नाही."

ते खरं होतं. तीन सुग्या तो पत्रा माझ्या टेबलावरून जात होता. मी त्याला क्रमांक दिला होता, शिक्का मारला होता, पत्र लिहिलं होतं. तो काय आहे, हे मला एकदाही जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं. जाणून घेण्याची मला किती हौस, हे तुम्हाला माहीत आहे. चिमणी एकच काडी तीनदा का टाकते यावर मी तुम्हाला तासभर खिडकीत बसवलं होतं. तरी कागदावर आलेली गोष्ट संपली, असं माझं मन धरून चालत होतं. याचं मला आजही नवल वाटतं.

दोन दिवसांनी सुट्या भागांचा टेम्पो कंधारला जाणार होता. मी मोईनभाईंच्या शेजारी बसून गेले. अहमदपूर, लोहा, मग कंधारच्या किल्ल्याची भिंत. तिथून पुढे एका गावात माधवराव नावाच्या यंत्रमालकाच्या घरी उतरलो, कारण बोटांच्या फायलीतलं ते एकुलतं एक पत्र त्यांचं होतं. चहा आला. मी पत्र्याविषयी विचारलं, तेव्हा माधवराव कानकोंडे झाले.

"पत्रा आता न्हाई बरं का बाई. काढून टाकला. तुमच्या हापिसाचं पत्र आलं तवाच काढला. बाकीच्यांनी ठेवला, आमी काढला."

भिंतीवर खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद टांगलेला होता. लातूरच्या कंपनीचं पत्र, हरवू नये म्हणून. मी उठून पाहिलं. अक्षर माझं होतं.

पत्र आलं, त्यांनी पत्रा काढला आणि त्याच सुगीत त्यांच्या यंत्रात एका बाईचा हात सापडला. कोणाचा, ते त्यांनी आम्हाला पाठवलेल्या पत्रात नव्हतं. त्यांनी तिला बोलावलं. शेवंताबाई. मळणीच्या टोळीची मुकादम, पन्नाशीची, डोक्यावर घट्ट पदर. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. ती आली आणि मी काही बोलायच्या आधीच जमिनीवर बसली.

"पत्र्याचं इचारून राहिल्या का माय? पत्रा न्हाई म्हणत आमी. झापड म्हणताव. बैलाच्या डोळ्याला लावतेत ना, तसं. हे मशीनच्या डोळ्याला. त्याला आमचा हात दिसूच न्हाई."

"ही युक्ती कोणाची?"

"कोणाची म्हंजे? महीच. पोरी भेत होत्या. मशीनचं तोंड हे एवढं. पेंढी सरकवायची की हात मागं घ्यायचा, सरकवायची की मागं घ्यायचा. दिस जायचा त्यातच. म्हणलं, तोंड लांब करा की. हात पुरूच नये ड्रमपातुर. वेल्डरला पीप दिलं, मापून दिलं."

"मापलं कशानं?"

तिने हात लांब केला, खांद्यापासून बोटांपर्यंत, आणि त्याच्यापुढे आणखी एक वीत हवेत दाखवली. "मह्या हातानं. तवा पुरा होता."

मोईनभाईंनी खाली पाहिलं. माधवराव म्हणाले की बाईच्या उपचाराचं त्यांनी सगळं पाहिलं, आणि पत्रा काढू नको असं तिने बजावलं होतं, पण लातूरच्या हापिसाचं पत्र म्हटल्यावर कसं मोडायचं? गावातल्या मास्तरांनी ते दोनदा वाचून दाखवलं होतं.

मी म्हणाले, "ते पत्र मी लिहिलं."

शेवंताबाई माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

"अक्षर लई चांगलं हाय," ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी लवकरचं सोयाबीन वाळत घातलं होतं. उन्हात शेंगा आपोआप फुटत होत्या, चुटचुट, आणि दाणे अंगणभर उडत होते. निघताना मी तिला विचारलं, मी काय करू. ती म्हणाली, "मला काय करता आता? ह्या सुगीची मशीनं निघाली का तुमची?"

"काही निघाली. बाकीची उभी आहेत."

"मंग त्यांना झापड लावा."

परतीच्या वाटेवर लोहा मागे पडल्यावर मोईनभाई म्हणाले, "बाई, कपाट तर बंद झालं."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही फायली अण्णांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं. माणूस वाईट नव्हता, हे मी तुम्हाला सांगते. बोटांची फाईल बंद करताना त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"दसरा झाल्यावर करू. पुढच्या वर्षीच्या यंत्रांना."

"अंगणातली यंत्रं या सुगीत चालणार आहेत, अण्णा."

"वहिनी, तो नियम कशासाठी केला ते मी तिथे उभं राहून पाहिलंय. भिजलेलं खळं बघितलंय मी. आज तोंड बदललं तर उद्या चाळणी बदलेल, परवा मोईनला काही सुचेल. आणि तोंड झाकलेलं यंत्र घेणार कोण? लोक आधी विचारतात, तासाला किती पोती."

खरं सांगते, त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येईना. कुलूप मीच फिरवलं होतं. नियम मोडणं माझ्या अंगातच नाही. दोन बरोबर गोष्टी समोरासमोर आल्या की काय करायचं, हे हैदराबादच्या शाळेत शिकवलेलं नव्हतं.

मोईनभाई दारात उभे होते, हात पुसत. म्हणाले, "कपाट नका उघडू साहेब. मशीनमधलं काहीच बदलायचं नाही. झापड बाहेरचं हाय. चार बोल्ट, तेबी आहेत त्याच मापाचे. नको वाटलं तर काढून घ्या."

"आणि त्याचं ड्रॉइंग?"

"शेवंताबाईनं कुठं ड्रॉइंग काढलं होतं?"

अण्णा हसले नाहीत, पण त्यांची खुर्ची थोडी मागे सरकली. "पोत्यांचं काय?"

"ते आपुन इथं बसून कसं सांगणार?" मोईनभाई म्हणाले. "लावणारीलाच विचारू."

म्हणून चार दिवसांनी आम्ही पुन्हा कंधारकडे गेलो, या वेळी अण्णांच्या जीपमधून, मागे ट्रॉलीवर एक यंत्र आणि मोईनभाईंनी बनवलेलं झापड. माधवरावांचं लवकरचं पीक तयार होतं. आधी झापडाशिवाय अर्धा तास. टोळीतल्या दोन तरण्या पोरी तोंडाशी उभ्या राहिल्या. चालू यंत्राशेजारी उभं राहून मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. पेंढी पुढे जायची, आणि प्रत्येक पेंढीमागे दोन्ही हात दचकून छातीशी यायचे. एका पोरीचा पदर वाऱ्याने उडाला, तेव्हा टोळीतल्या चौघींनी एकदम तो ओढला. अण्णा हे पाहत होते. वेळ मोजायला काढलेलं घड्याळ हातातच राहिलं होतं.

मग झापड बसवलं. अण्णा पुढे झाले, स्वतः पेंढी घातली, ती आडवी गेली आणि अडकली.

"सरका, मालक," शेवंताबाई म्हणाली. "तुमी कागदावर मळा."

पोरी फिदीफिदी हसल्या. ती तोंडाशी उभी राहिली. तुटक्या बोटांच्या हाताने पेंढी धरली, डाव्या हाताने ढकलली, आणि हात मागे घेतले नाहीत. ते तिथेच राहिले, पुढच्या पेंढीसाठी. तिच्या शेजारची पोरगीही तशीच करू लागली. दचकणं थांबलं. यंत्राचा आवाज एकसारखा झाला. मोईनभाईंनी डोळे मिटून ऐकला. धूळ आमच्या दातांत, केसांत, पापण्यांवर बसली. अर्ध्या तासाने पोती पाहिली, तर पहिल्याएवढीच होती, थोडी वरच भरली असतील. आम्ही कारखान्यात ड्रमचा वेग वाढवून वाढवून थकलो होतो. वेळ खात होती ती भीती, आणि ती कुठल्याच ड्रॉइंगवर दिसत नव्हती.

अण्णांनी घड्याळ खिशात घातलं आणि विचारलं, "मोईन, स्टोअरमध्ये पत्रा किती आहे?"

दसऱ्यापर्यंत अंगणातल्या प्रत्येक यंत्राला झापड बसलं. जी आधीच गेली होती, त्यांच्यासाठी मोईनभाई टेम्पो घेऊन गावोगाव हिंडले. सगळीकडे स्वागत झालं असं नाही. लातूरजवळच्या मुरुडच्या एका मालकाने बसवलेलं झापड दुसऱ्या दिवशी काढून त्यावर मिरच्या वाळत घातल्या. पुढच्या वर्षी त्याच्याच टोळीतल्या बायकांनी ते परत बसवून घेतलं. मी ज्यांना ज्यांना फेरफार काढा म्हणून लिहिलं होतं, त्यांना दुसरं पत्र लिहिलं, हातानेच. ते लिहायला मला पहिल्या पत्रापेक्षा फार वेळ लागला.

दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेलं कपाट उघडलं, आणि झापडाचं ड्रॉइंग काढायला मी बसले. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली दोन चौकोन असत: कोणी काढलं, कोणी तपासलं. मी पट्टी घेऊन तिसरा चौकोन आखला. त्यात लिहिलं, कोणी सुचवलं. आणि पुढे, शेवंताबाई, तालुका कंधार.

अण्णा सहीला आले. तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "ड्रॉइंगवर मुकादमीण? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक ड्रॉइंग बघत नाही," मी म्हणाले. "आपण बघतो."

त्यांनी सही केली. तेव्हापासून गॅरंटी कार्डाचा शिक्काही बदलला. फेरफार दिसला की पत्र जायच्या आधी कोणीतरी गावी जाऊन विचारायचं, हे का केलं. ते 'कोणीतरी' बहुतेक वेळा मीच असायची. निवृत्त होईपर्यंत मी मराठवाड्यातली किती खळी पाहिली, त्याची मोजदाद नाही. बहुतेक फेरफार अगदी फुकाचे असत. एकाने पंख्याच्या झाकणावर रेडिओ बसवला होता. पण विचारायला जाताना दर वेळी परीक्षेचा कागद उलटा हातात आल्यासारखं वाटे.

शेवंताबाईची बोटं माझ्या पत्रामुळे गेली. ड्रॉइंगवर तिचं नाव लिहिल्याने ती परत आली नाहीत, आणि तसं मी स्वतःला कधी समजावलेलंही नाही. मी नंतर तिच्याकडे तीन-चारदा गेले. तिने माझं येणं नाकारलं नाही. प्रत्येक वेळी एखादी पोरगी उठून चहा ठेवायची, आणि शेवंताबाई म्हणायची, "ह्या त्या, अक्षरवाल्या."

म्हणून ईशान, मला तुला एवढंच विचारायचं आहे: तुमच्याकडे नाकारलेल्या कागदांची फाईल कोणाकडे असते? तिच्या शेजारी कुठली फाईल ठेवलेली असते? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. रविवारी सांग.

परवा मी कारखान्यात जाऊन आले. अण्णा आता नाहीत, मोईनभाईही नाहीत. अण्णांची मुलगी सगळं पाहते. मोठमोठी कापणी-मळणी यंत्रं आली, तरी बांधाबांधांच्या लहान शेतांसाठी आमची यंत्रं अजून विकली जातात. ड्रॉइंगं सगळी संगणकात आहेत. पोळ्याच्या दिवशी ती पासवर्ड बदलते आणि संगणकाला हळद-कुंकू लावते. तिने मला पडद्यावर एक नवं ड्रॉइंग दाखवलं; दसऱ्यापर्यंत ते नुसतं बघता येतं, बदलता येत नाही. समोर बसलेल्या तरुण इंजिनियरला मी विचारलं, कोपऱ्यात तिसरा चौकोन कशाला आहे. तो म्हणाला, "माहीत नाही मॅडम, आधीपासून आहे. रिकामा ठेवला तर फाईल पुढं जात नाही."

झापडाचं माप तेच आहे, एक हात आणि वर एक वीत. आणि तो तिसरा चौकोन अजून आहे.

तुमची,
आजी